चाकं खाली होती

बदक पाण्यावर सरळ धावायला शिकलं, तोवर वहिनींच्या गुडघ्यांनी हात टेकले होते.

बदक म्हणजे विमान. कागदोपत्री त्याला एक लांबलचक क्रमांक होता, पण कार्यशाळेत तो कुणाच्याच तोंडात बसला नाही. पाण्यावरून उडायचं, पाण्यावर उतरायचं, आणि हवं तेव्हा बगलांतून चाकं बाहेर काढून साध्या धावपट्टीवरही बसायचं, असं ते विमान. पुराने रस्ते गेले, बेटावर कुणी आजारी पडलं, तर तिथे पोचायला उपयोगी. ऐकायला सोपं वाटतं. करायला बसलं की कळतं, होडीला जे मानवतं ते विमानाला सोसत नाही. होडीचं पोट भक्कम हवं, विमानाचं अंग हलकं हवं. एकाचं ऐकलं की दुसरं रुसतं. वहिनींची उमेदीची सगळी वर्षं या दोघांची समजूत काढण्यात गेली होती. त्या विमानाच्या पोटाच्या अभियंता होत्या. ज्या भागाला पाणी लागतं तो सगळा भाग त्यांचा.

वहिनी हे नाव त्यांना दिरामुळे पडलं. बदकाचे चाचणी वैमानिक, ज्यांना सगळे कप्तान म्हणत, ते वहिनींच्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. पहिल्याच चाचणीला ते रेडिओवर सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, पोटात पाणी शिरतंय. परत येऊ, की पिऊ दे याला आणखी थोडं?" झालं. दुसऱ्या दिवसापासून फिटर, रंगारी, पहारेकरी, सगळ्यांच्याच त्या वहिनी झाल्या. एका बैठकीत खुद्द साहेबांच्या, म्हणजे कार्यशाळेच्या प्रमुखांच्या, तोंडून "याबद्दल वहिनींचं म्हणणं असं आहे की" निघून गेलं, आणि बाहेरून आलेले दोन अधिकारी एकमेकांकडे बघत राहिले.

दिराला या कामावर वहिनींनी आणलं नव्हतं. उलट त्यांनी विरोधच केला होता. पण पाण्यावर विमान उतरवायचा अनुभव असलेली माणसं मुळात थोडी, आणि त्यातली बाकीची एक तर म्हातारी झाली होती, नाही तर शहाणी.

"बायको बनवणार आणि भाऊ उडवणार," वहिनींचे यजमान त्या दिवशी जेवताना म्हणाले होते. ते शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, म्हणून मास्तर. घरी बसल्यापासून स्वयंपाकघराचा ताबा त्यांच्याकडे होता. "उद्या काही झालं तर मी भांडायचं कुणाशी?"

"माझ्याशी भांड," वहिनी म्हणाल्या. "सवय आहे तुला."

बदकाचा मुख्य आजार म्हणजे बेडूकउड्या. उडण्यासाठी पाण्यावर वेग घेतला की एका टप्प्यावर त्याचं नाक वर उचललं जायचं, मग खाली आपटायचं, मग आणखी वर. दर उडी आधीच्या उडीपेक्षा मोठी. कप्तानांनी वेळीच इंजिनं मंद केली नाहीत तर पुढच्या उडीला नाक पाण्यात घुसणार, हे ठरलेलं. दोष पोटाखालच्या पायरीत होता. असल्या विमानाच्या पोटाला मध्यावर खाच असते, उंबऱ्याखालच्या पायरीसारखी. वेग आला की पाणी तिथे पोटापासून सुटतं. पायरी चुकीच्या जागी असली तर पाणी पोट सोडतच नाही, हट्टी पोरासारखं धरून बसतं. पायरी किती मागे हवी, किती खोल हवी, हे गणिताने अर्धंच कळतं. उरलेलं अर्धं पाणी सांगतं, आणि पाणी रोज वेगळं सांगतं.

मग रोज तेच. सकाळी वारा उठायच्या आत बदक उतारावरून तलावात सोडायचं. वहिनी बचावाच्या होडीत उभ्या. धाव, बेडूकउड्या, इंजिनं मंद. ओढून परत आणायचं, पोटातलं पाणी पंपाने उपसायचं, पाठीवर झोपून खाली सरकायचं, पायरीचे लाकडी ठोकळे काढून दुसरीकडे बसवायचे, सांधे भरायचे, ते वाळायची वाट बघायची. विमानाच्या पोटात ओल्या चिंध्यांचा आणि डिंकाचा वास कायमचा मुक्कामाला आलेला. तो वहिनींच्या केसांना लागला तो काही केल्या जाईना. मास्तर म्हणायचे, तू जिना चढायच्या आधी तुझं विमान वर येतं.

त्या जेवायला बसायच्या आणि घास हातात धरून पेंगायच्या. मास्तर घास काढून ताटात ठेवायचे, हात पुसायचे आणि म्हणायचे, "उठ, आत जाऊन आडवी हो." पूर्वी त्या "नाही रे, अजून आकडे बघायचेत" असं काहीतरी झोपेतच पुटपुटायच्या. पुढे पुढे तेही बंद झालं. मुकाट्याने उठून जायच्या. मास्तरांना त्या मुकाट्याचीच जास्त काळजी वाटायची.

हिशेब खात्यातला एक गृहस्थ बदकाला अक्षरशः पाण्यात पाहायचा. तो आला की विचारायचा, "उडतंय का अजून?" आणि कप्तान सांगायचे, "उडतंय की. थोडं थोडं. दर वेळी सहा-सात उड्या मारतं."

आणि एका सकाळी उड्या आल्याच नाहीत. बदक सरळ धावलं, पोट वर आलं, मागची पांढरी रेघ बारीक होत होत तुटली, आणि ते वर गेलं. होडीतल्या फिटरने टोपी पाण्यात फेकली. ती परत आणायला होडी वळवावी लागली. कप्तानांनी तलावावर एक चक्कर मारली. मग रेडिओवर म्हणाले, "वहिनी, दिसतंय ना तुम्हाला?"

"दिसतंय, भावजी."

त्यांना वाटलं होतं, त्या क्षणी रडू येईल, निदान हसू तरी. काहीच आलं नाही. त्या होडीच्या फळीवर खाली बसल्या आणि पहिला विचार आला तो असा, की आता हे उतरवायचंही आहे.

पुढचे महिने तसे बरे गेले. बदक उडत होतं, बसत होतं, चाकांवर आणि पोटावर दोन्हीकडे. गळायचं अजूनही, पण उडणाऱ्याच्या गळतीला लोक दोष म्हणत नाहीत, खोड म्हणतात. साहेबांचा आवाज बदलला. दारात मोटारी येऊ लागल्या. आणि एक दिवस साहेबांनी सांगितलं की ज्यांच्या होकारावर पुढचं सगळं अवलंबून आहे, अशी मंडळी बदक बघायला येणार आहेत.

त्या दिवशी सकाळी कप्तान धावपट्टीवर ब्रेकची चाचणी करत होते. पळवायचं, थांबवायचं, पुन्हा पळवायचं. ब्रेक तापले, त्यांचा जळका वास यायला लागला. म्हणून शेवटच्या धावेनंतर ते चाकांवरूनच उडाले आणि चाकं आत न घेता तशीच बाहेर ठेवली, वाऱ्याने निवावीत म्हणून. एरवी जमीन सुटली की त्यांचा हात आपोआप चाकांच्या दांड्याकडे जायचा. त्या दिवशी जाणूनबुजून गेला नाही. ठरलं होतं असं, की एक चक्कर मारून धावपट्टीवरच परत यायचं, मग चाचणीचं सामान उतरवून पाण्याकडे जायचं.

पण पाहुणे लवकर आले. साहेब रेडिओवर म्हणाले, "मंडळी तलावावर आलीत. धावपट्टीवर उतरू नका, थेट इकडेच या, पाण्यावर उतरून दाखवा." त्यांच्या आवाजात लग्नघरातल्या वधुपित्याची घाई होती. कप्तान म्हणाले, "येतो."

वहिनी होडीत होत्या. ऊन समोरून येत होतं, तलाव नुसता चमकत होता. बदक डोंगराच्या बाजूने खाली आलं. पोटाखाली काहीतरी काळं लोंबतंय असं त्यांना वाटलं. डोळ्यांवर हात धरून पाहिलं. दोन काळे ठिपके. एखाद्या गोष्टीचा अर्थ डोक्यात शिरायला जो वेळ लागतो तेवढा लागला, आणि मग त्यांनी रेडिओची कळ दाबली.

"भावजी, चाकं—"

चाकं पाण्याला लागली. पोट पाण्यावर घसरतं; चाक घसरत नाही, रुततं. पळत्या माणसाचा पाय दोरीत अडकावा तसं झालं. शेपटी वर उठली, उभी झाली आणि पलीकडे पडली. आवाज नंतर आला.

होडी पोचली तेव्हा बदक उताणं तरंगत होतं. ज्या पोटाखाली वहिनींनी इतकी वर्षं पाठीवर झोपून काढली ते पोट पहिल्यांदाच त्यांना वरून, उन्हात, सबंध दिसलं. फिटरने पाण्यात उडी टाकली. दार बाहेरच्या पाण्याच्या दाबाने उघडेना. तो वर आला, श्वास घेतला, पुन्हा गेला. होडीवाला पहारीने काच फोडत होता. वहिनी पंखाची कड दोन्ही हातांनी धरून नुसतं "भावजी, भावजी" म्हणत होत्या. त्यांना पोहता यायचं नाही. हे तोवर कुणाला सुचलंही नव्हतं.

कप्तानांना बाहेर काढलं तेव्हा ते निळे पडले होते. होडीत पालथं घातल्यावर पाणी ओकले, खोकले, आणि शुद्धीवर येताना पहिलं वाक्य बोलले, "हिरवा होता. दिवा हिरवा होता."

इस्पितळाच्या व्हरांड्यात कप्तानांची बायको बाकावर बसली होती. घरात तिला धाकटी म्हणत. ती औषधांच्या दुकानात काम करायची. दुकानाचा पांढरा कोट अंगावर तसाच होता, आणि येणारे-जाणारे तिला इस्पितळातलीच समजून रक्ततपासणी कुठे आहे विचारत होते. ती हात करून दाखवत होती. ओल्या साडीने वहिनी समोर आल्या तेव्हा तिने वर पाहिलं.

"गळपट्टीचं हाड मोडलंय," ती म्हणाली. "खांद्याचंही. छातीत पाणी आहे. जगतील म्हणतात."

"अगं, मी—"

"ताई, तुम्ही घरी जा. कपडे बदला. मला आत्ता तुमच्याशी बोलायचं नाहीये. वाईट बोलेन."

वहिनी घरी गेल्या. मास्तर भावाला बघायला निघालेच होते, दारातच भेट झाली. त्यांनी भांडण केलं नाही. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला होता. वहिनींच्या खांद्यावर कोरडा पंचा टाकून ते जिना उतरले.

चौकशी लागली. ती लागणारच होती. कार्यशाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये टेबलं जोडून समितीची बैठक मांडली जाणार होती, तिला अजून आठवडा होता. त्याआधी वहिनी दिराच्या घरी गेल्या. अपघातानंतर त्या घरात त्यांचं हे पहिलंच जाणं. धाकटीने दार उघडलं, "या" म्हणाली आणि आत निघून गेली.

कप्तान गॅलरीत बसले होते. हात गळ्यात, दाढी वाढलेली. समोरच्या इमारतीत कुणीतरी गाद्या झटकत होतं.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "मी ठरवलंय. समितीपुढे सांगतो, मी विसरलो. चाकं वर घ्यायची विसरलो, संपलं. आणि ते खरंच आहे, वहिनी. मी विसरलोच."

"तुम्ही विसरला नव्हता. ती मुद्दाम खाली ठेवली होती."

"मुद्दाम ठेवली आणि मग विसरलो. काय फरक पडतो? माझी शेवटचीच वर्षं होती. हा खांदा आता मला उडू देणार नाही, डॉक्टरांनी तोंडावर सांगितलंय. वैमानिकाची चूक म्हटलं की विमान निर्दोष सुटतं. तुमचं बदक वाचतं. रचनेत खोट निघाली तर ते सगळं गुंडाळतील. तुम्हाला माहीत आहे."

वहिनींना माहीत होतं. मोहही झाला. तो मोह लोभाचा नव्हता, थकव्याचा होता. कुणीतरी म्हणतंय, ठेव ते ओझं इथे, मी उचलतो. आणि आपले हात इतके भरून आलेत की खाली ठेवायला नुसती बोटं सैल करायची आहेत.

"त्या दिव्याचं काय?" त्यांनी विचारलं.

चाकांच्या दांड्याशेजारी एकच दिवा होता. चाकं खाली येऊन पक्की बसली की हिरवा लागायचा. धावपट्टीवर उतरताना हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक. पाण्यावर उतरताना तोच हिरवा दिवा म्हणजे मरण. पण डोळ्याला हिरवा हिरवाच दिसतो. वैमानिकाची खोली वहिनींच्या कामात येत नव्हती. तरी त्या आसनावर त्या कितीदा बसल्या होत्या, आणि तो दिवा पाहून त्यांनाही दर वेळी बरंच वाटलं होतं.

"मी त्याच्याकडे बघितलं," कप्तान हळू म्हणाले. "पाण्यावर यायच्या आधी बघितलं. हिरवा होता. मनात म्हटलं, चला, सगळं ठीक."

धाकटी दारात उभी होती. हातात पाण्याचा तांब्या. कधी आली कळलं नाही.

"म्हणजे यांनी लिहून द्यायचं की हे विसरले," ती म्हणाली. "आणि तो दिवा तसाच राहायचा. पुढे कुणाच्या तरी घरचं माणूस त्याच्याकडे बघून 'चला, सगळं ठीक' म्हणणार."

"तू मध्ये पडू नकोस," कप्तान म्हणाले.

"मी मध्ये पडत नाहीये. मी पाणी घेऊन आलेय." तिने तांब्या टेबलावर ठेवला. वहिनींच्या पुढ्यात पेला सरकवला. "घ्या ताई. ऊन लागलेलं दिसतंय तुम्हाला."

घरी आल्यावर वहिनींनी मास्तरांना सगळं सांगितलं. मास्तर भाजी चिरत होते. ऐकता ऐकता सुरी थांबली.

"पोरं नकाशा काढायची," ते म्हणाले. "एकदा अर्ध्या वर्गाने नदी डोंगरावर चढवली. एकाने चढवली असती तर कान धरला असता. अर्ध्या वर्गाने चढवली म्हटल्यावर मी फळ्याकडे बघितलं. मीच तशी काढली होती."

"मग काय केलंस?"

"फळा पुसला. आणि ज्यांनी डोळे मिटून उतरवली त्यांचेही गुण कापले." त्यांनी पुन्हा चिरायला सुरुवात केली. "फार बोंबाबोंब झाली."

समितीपुढे कप्तान आधी बोलले आणि ठरवलं होतं तेच बोलले. मग वहिनींना बोलावलं. अध्यक्ष वयस्कर, सभ्य गृहस्थ होते. कागद आवरण्याच्या बेतात होते.

"वैमानिकाने चूक कबूल केली आहे," ते म्हणाले. "विमानाच्या पोटात काही दोष आढळलेला नाही. तुम्हाला आणखी काही सांगायचंय?"

"हो," वहिनी म्हणाल्या. "त्यांनी चाकं वर घेतली नाहीत हे खरं. घाईने बोलावलं नसतं तर ते आधी धावपट्टीवर उतरले असते, हेही खरं. पण उतरण्याआधी त्यांनी दिवा पाहिला होता, आणि दिव्याने त्यांना सगळं ठीक आहे असं सांगितलं. हा दिवा प्रत्येकाला तेच सांगणार. थकलेल्या माणसाला तर नक्कीच."

साहेब टेबलाच्या कडेला बसले होते. त्यांनी मान खाली घातली.

"म्हणजे तुम्ही स्वतःच्याच विमानाविरुद्ध बोलताय," अध्यक्ष म्हणाले.

"विमानाविरुद्ध नाही. दिव्याविरुद्ध."

"परिणाम एकच होईल, बाई."

"होऊ दे."

हे त्या ठामपणे म्हणाल्या असं नंतर फिटर सगळ्यांना सांगत फिरला. खरं तर त्यांच्या अंगात ठामपणा आणण्याइतकंही त्राण नव्हतं. खोटं बोललं की ते पुढे सांभाळत बसावं लागतं, आणि सांभाळायला आता त्यांना आणखी काहीही नको होतं.

निकाल आला: चूक वैमानिकाची आणि रचनेची, दोन्ही. काम पुढील आदेशापर्यंत बंद. माणसं दुसरीकडे पाठवली गेली. रंगारी गेला, पहारेकरी बदलला. साहेबांनी वहिनींशी बोलणं कामापुरतं ठेवलं, आणि काम नसल्यामुळे बोलणंच राहिलं नाही. कप्तान रागावले. "दोन्ही" हा शब्द त्यांना लागला. "सगळी माझी म्हटलं असतं तर निदान काही वाचवल्याचं समाधान होतं," ते मास्तरांना म्हणाले. "आता चूक अर्धी आणि पदरात काही नाही." कित्येक दिवस ते वहिनींच्या फोनवर आले नाहीत.

आणि गंमत अशी, की त्याच दिवसांत धाकटी येऊ लागली. दुकान सुटल्यावर कधीमधी. गुडघ्यांना लावायचं मलम आणायची, वहिनींना खुर्चीत बसवून स्वतः चोळायची. अपघाताबद्दल बोलायची नाही. एकदा मात्र चोळता चोळता म्हणाली, "त्या दिवशी तुम्हाला घरी जा म्हटलं. ते तसं नव्हतं म्हणायचं." वहिनी म्हणाल्या, "तसंच म्हणायचं होतं. बरोबर होतं." दोघी हसल्या. मग धाकटीने दुसरा गुडघा चोळायला घेतला.

आदेश आला तेव्हा त्याची वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं. कुठेतरी मोठा पूर आला होता, माणसं छपरांवर अडकली होती, आणि कुणाला तरी आठवलं की असं एक विमान बनत होतं. बदक पुन्हा बांधायची परवानगी मिळाली. निम्मी माणसं, आणि अट अशी की वैमानिकाला चुकूच देणार नाही अशी सूचना आत हवी. दिव्यांचं सोपं होतं. पाण्यासाठी निळा, जमिनीसाठी हिरवा, असे दोन केले. पण दिव्याकडे बघायचंच राहिलं तर? म्हणून आवाज हवा होता. साहेब स्वतः कप्तानांच्या घरी गेले आणि म्हणाले, "बदक तुमच्याइतकं कुणी ओळखत नाही. आत बसून सांगा, कुठला आवाज कानात शिरतो." कप्तान आढेवेढे घेऊन आले. खांदा एका बाजूला उतरलेला, पण आसनात बसले तेव्हा चेहरा सुटला.

आधी कर्कश घंटी लावली. कप्तान म्हणाले, "इंजिनांच्या आवाजात ही म्हणजे आणखी एक डास." मग माणसाचा आवाज करायचं ठरलं. वहिनींच्याच आवाजात वाक्य भरलं, 'चाकं तपासा.' कप्तानांना खोट्या उतरण्याची गडबड दिली, इंजिनांचा आवाज मोठ्याने लावला आणि मध्येच ते वाक्य सोडलं.

"हो वहिनी," कप्तान म्हणाले, आणि हात जिथे होता तिथेच राहिला.

सगळे हसले. कप्तान ओशाळले. "हो वहिनी म्हणायची मला सवय आहे," ते म्हणाले, "करायची नाही."

मग वहिनींनी धाकटीला विचारलं. ती आधी नाही म्हणाली, मग दुकानातून सुट्टी काढून आली. कार्यशाळेत पाऊल टाकायची तिची पहिलीच वेळ. नवं बदक रंगाविना उभं होतं. ती त्याच्याभोवती फिरली, पोटाला हात लावून पाहिला. आवाज भरायला भिंतींना गाद्यांचा फोम लावलेल्या कोठीत तिला बसवलं आणि कागदावरचं वाक्य दिलं. तिने ते वाचलं, कागद उलटा ठेवला आणि औषधाच्या बाटलीवरची सूचना सांगावी तशा सपाट आवाजात म्हणाली, "चाकं बघ. पाणी आहे की जमीन?"

ते वाक्य इंजिनांच्या आवाजात सोडलं, तेव्हा आसनातले कप्तान अर्ध्या वाक्यातच दांड्याकडे वळले होते.

नव्या बदकाची वैमानिक तरुण मुलगी होती, फार न बोलणारी. तिने बरेच दिवस नुसतं पाण्यावर धावून घेतलं. मग धावपट्टीवरून उडाली, उतरली. शेवटी तलाव उरला. त्या सकाळी बचावाच्या होडीत वहिनींच्या शेजारी कप्तान बसले होते. पाहुणे नव्हते. साहेब काठावर एकटेच उभे होते, हात मागे बांधून.

विमान डोंगराच्या बाजूने खाली आलं. वहिनींनी डोळ्यांवर हात धरला. पोटाखाली काही नव्हतं. तरी त्यांनी पुन्हा पाहिलं. रेडिओ चालू होता, मुलीच्या आवाजामागे धाकटीचा सपाट आवाज बारीक ऐकू आला, आणि मुलगी उत्तरली, "पाणी. चाकं वर. निळा."

कप्तानांनी होडीची कड घट्ट धरली होती. बदक बसलं, पांढरी रेघ मागे पसरली, वेग उतरला, नाक हलकेच खाली आलं. एक लहानशी उडीसुद्धा नाही.

"मी असतो तर जरा अलीकडे बसवलं असतं," कप्तान म्हणाले.

"हो भावजी," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी होडी जवळ घेतली. मुलगी होडीत उतरली. कप्तानांनी चांगला हात पुढे करून तिला आधार दिला, आणि लगेच वळताना किती वाकवलंस, वारा कसा लागला, असलं विचारत बसले. फिटर पोटात शिरला होता. त्याने आतूनच ओरडून सांगितलं, "वहिनी, उजवीकडून अजून झिरपतंय."

"किती?"

"थोडंच. पण झिरपतंय."

साहेब काठावरून विचारत होते, पुढची उड्डाणं कधी लावू. वहिनींनी गुडघ्यावर हात रेटून उभं राहायचा प्रयत्न केला, पुन्हा बसल्या.

"तुम्ही लावा हवी तेव्हा," त्या म्हणाल्या. "मी उद्या येणार नाही. परवाही नाही. झिरपतंय ते सुकवून ठेवा, तोवर मला उठवू नका."

मास्तर दुपारी बाजारातून आले तेव्हा त्या बाहेरच्या खोलीतच चटईवर झोपल्या होत्या, चपला पायातच. त्यांनी चपला काढल्या, खिडकीचा पडदा ओढला आणि कुकरची शिट्टी वाजू नये म्हणून त्या दिवशी भात उघड्या पातेल्यात शिजवला.